वायरमनला काय विचारायचं: खान्देशातल्या घरा-दुकानांची वीज

अमळनेर, धरणगाव, पारोळा, चोपडा या पट्ट्यात मी वीजजोडणीची कामं करतो. परवाना आहे. धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) जुन्या घरापासून कापसाच्या जिनिंग मिलपर्यंत सगळ्या प्रकारची कामं हाताखालून गेली आहेत. मार्च संपत आला की फोनवर एकच वाक्य ऐकू येतं: "भाऊ, कूलर करंट मारस."

लोक कूलरवाल्याला सोडून वायरमनला फोन करतात, आणि ते बरोबरच आहे. बिघाड कूलरमध्ये असतो, पण तो माणसापर्यंत पोचतो तो घराच्या वायरिंगमुळे. म्हणून मीही कूलरपासूनच सुरुवात करतो. आणि हे वाचून कुणी पक्कड घेऊन बोर्ड उघडायला बसू नये. वायरमनसमोर उभं राहून चार नेमके प्रश्न विचारता यावेत आणि तो उत्तर देतोय की वेळ मारून नेतोय हे कळावं, एवढ्यासाठीच हे लिहितोय.

पत्र्याचा कूलर आणि अनवाणी पाय

आपल्याकडचा कूलर म्हणजे पत्र्याचा डबा. आत पाणी, पाण्यात पंप, वर मोटर. पंपाच्या वायंडिंगमध्ये ओल शिरते, नाहीतर वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोलली जाते आणि करंट पत्र्यात उतरतो. खालची फरशी ओली, आणि पाणी भरणारी व्यक्ती अनवाणी.

ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहम धरा. २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर करंट जाईल. ३० मिलिअँपिअरच्या पुढे जिवाला धोका सुरू होतो. त्या लाईनवर १६ अँपिअरची एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की लाईन तोडणारा स्विच) आहे म्हणून घरमालक निर्धास्त असतो. अहो, १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर! माणूस चिकटलाय हे एमसीबीला कळत नाही. तिच्या लेखी पन्नासेक वॅटचा एक दिवा जास्त लागला, बस. एमसीबी असते ती वायर जळू नये म्हणून.

माणसासाठी असते ती आरसीसीबी. जुनी मंडळी तिला ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेला करंट न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) तेवढाच परत आला का, हे ती सतत बघते. मधेच कुठे जमिनीकडे गळती झाली आणि फरक ३० मिलिअँपिअरवर गेला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचीच घ्या. १०० आणि ३०० च्याही मिळतात, पण त्या आगीपासून बचावासाठी. माणसाच्या संरक्षणासाठी त्या धरू नयेत. दुकानदार "हीच आहे, चालून जाईल" म्हणाला तरी घेऊ नका.

"आमची अर्थिंग एकदम पक्की आहे, मग आरसीसीबी कशाला?" असं हमखास विचारतात. अर्थिंग म्हणजे गळालेला करंट जमिनीत नेणारी वाट. उत्तर हिशेबाने देतो. अर्थिंगचा रोध ५ ओहम आहे असं धरा, आणि हा आकडा चांगला मानला जातो. पत्र्यात फेज उतरला तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर जमिनीत जातील, तेसुद्धा बाकी वाटेचा रोध शून्य धरून. १६ अँपिअरची सी प्रकारची एमसीबी झटक्यात पडायला (म्हणजे लाईन तोडायला) ८० ते १६० अँपिअर लागतात. ४६ ला ती पडेल, पण गरम होऊन, काही सेकंदांनी. तेवढा वेळ पत्रा जिवंतच. म्हणजे अर्थिंग हवीच आणि आरसीसीबीही हवीच. एक आहे म्हणून दुसरी वाचवता येत नाही.

तिच्याही मर्यादा आहेत. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर ती पडणार नाही, कारण तिच्या दृष्टीने करंट बरोबर परत येतोय. आणि ती जास्त भारापासून वाचवत नाही, म्हणून तिच्यासोबत एमसीबी लागतेच. तिच्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं. पडली तर ठीक. नाही पडली तर ती शोभेची आहे, बदला.

आरसीसीबी वारंवार पडते म्हणून ती काढून सरळ जोडून देणारे वायरमन आहेत. असा माणूस परत घरात घेऊ नका. पडते तेव्हा शोधायची रीत साधी आहे: सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवत जा. जिच्यावर पडली त्या लाईनचे प्लग काढून परत बघा. कधीकधी सगळ्या एमसीबी खाली असूनही ती पडते. तेव्हा न्यूट्रल कुठेतरी अर्थला लागलेला असू शकतो, कारण साधी एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. अशा वेळी सगळी उपकरणं प्लगमधून उपटून मगच पुढे शोधायचं. इन्व्हर्टर बसवल्यावर हा त्रास सुरू झाला असेल तर इन्व्हर्टरच्या लाईनचा न्यूट्रल आणि घराचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र केलेला असणार. जुन्या घरात घाईने बसवलेल्या इन्व्हर्टरमध्ये ही चूक नेहमी सापडते.

कूलरबद्दल शेवटचं. दोन पिनी प्लगचा कूलर घरात आणू नका. आणलाच असेल तर तीन तारांची वायर आणि तीन पिनी प्लग लावून घ्या, आणि हिरवी तार पत्र्याला स्क्रूने घट्ट कसलेली आहे ना, तेही बघा. रंगावर कसलेली चालत नाही, खाली रंग खरवडलेला हवा. पाणी भरताना प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बटण चुकून न्यूट्रलवर घातलेलं असलं तर बंद कूलरमध्येही फेज असतो.

काळी माती उन्हाळ्यात फाटते

तापीच्या खोऱ्यातली काळी माती ओली असते तेव्हा अर्थिंगला उत्तम. पण एप्रिल-मेमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तसंच घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यातही होतं. माती आकसते, आत पुरलेल्या अर्थिंगच्या पाइपपासून सुटते, आणि जानेवारीत ३ ओहम दाखवणारी अर्थिंग मे महिन्यात भलताच आकडा दाखवते. नेमकी तेव्हाच, जेव्हा घरोघरी कूलर चालू असतात.

म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यावर झाकण आणि पाणी ओतायला नरसाळं ठेवायला सांगा. होळीनंतर आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी. आमच्याकडे लोक तुळशीला आठवणीने पाणी घालतात. अर्थिंगचा खड्डा अंगणात असेल तर त्यालाही घाला. पाइप कमीत कमी अडीच मीटर खोल गेला पाहिजे, भोवती कोळसा-मीठ किंवा तयार मिळणारी बॅकफिल पावडर. सातपुड्याच्या पायथ्याला किंवा साक्रीकडे खाली मुरूम-खडक लागतो. तिथे एक खड्डा पुरत नाही, दोन-तीन करून एकत्र जोडावे लागतात. दोन खड्ड्यांत निदान पाइपच्या लांबीइतकं अंतर हवं.

घरमालकाला न कळणारी एक लबाडी सांगतो. अर्थिंग केलेलीच नसते. प्लगच्या मागे अर्थची पिन न्यूट्रलला जोडून दिलेली असते. टेस्ट लॅम्प लावला तर तो झगझगीत लागतो आणि मालक खूश. पण बाहेर खांबावर न्यूट्रल तुटला की त्याच वाटेने घरातल्या प्रत्येक पत्र्याच्या वस्तूवर २३० व्होल्ट येतात. फ्रिज, कूलर, इस्त्री, सगळं. म्हणून वायरमनला सांगा: "एक प्लग उघडून दाखव." आणि मीटरने तीन मापं घ्यायला लावा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखे हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये भार चालू असताना दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. बरोबर शून्य दिसलं तर मला शंका येते. नळाच्या पाइपला अर्थ जोडण्याचे दिवस तर कधीच गेले. आता पाइपच प्लास्टिकचे आहेत.

भार, वायर आणि मे महिना

वीजबिलावर 'मंजूर भार' असं लिहिलेलं असतं. जुन्या घरांत तो अजून एक किलोवॅटवर अडकलेला दिसतो. आता घरात काय आहे ते मोजा. दीड टनाचा एसी साधारण १७०० वॅट, गिझर २०००, इस्त्री १०००, बोअरची एक एचपीची मोटर ७५० च्या आसपास, मिक्सर ५००, फ्रिज आणि कूलर मिळून ४००, दिवे-पंखे आणखी ४००. झाले पावणेसात किलोवॅट. सगळं एकदम चालत नाही, म्हणून साठ टक्के धरा: चार किलोवॅट. भागिले २३०, म्हणजे साडेसतरा अँपिअर. एक किलोवॅटच्या मंजुरीवर आणि आजोबांच्या काळच्या वायरवर हे ओढताय. महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करा. दर महिन्याला थोडे जास्त भरावे लागतील म्हणून लोक टाळतात, पण वायर अर्ज बघून गरम होत नाही.

वायरची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात. दिवे-पंख्यांना दीड, साध्या प्लगला अडीच, एसी आणि गिझरला चार आणि दोन्हींची लाईन पार डीबीपासून (एमसीबी बसवलेल्या पेटीपासून) वेगळी. मीटरपासून डीबीपर्यंत सहा किंवा दहा. एमसीबी वायरला शोभेल अशी: दीडला ६ किंवा १०, अडीचला १६, चारला २०. एमसीबी पडते म्हणून १६ काढून ३२ ची बसवणं हा सर्रास चालणारा इलाज आहे. त्याने एमसीबी पडायची थांबते आणि भिंतीतली वायर तापायला लागते.

वायरच्या कोष्टकात जी क्षमता छापलेली असते ती एक ठरावीक तापमान धरून. भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, गच्चीच्या स्लॅबमधला पाइप त्याहूनही तापतो, आणि त्याच पाइपमधून सात-आठ वायरी कोंबलेल्या असतात. तिथे अडीचची वायर अडीचसारखी वागत नाही. खान्देशात मी नेहमी एक पायरी वरची वायर सुचवतो, निदान एसीसाठी आणि वरच्या मजल्यासाठी. पाइपही मोठा टाकायला सांगा. उद्या एक लाईन वाढवायची झाली तर भिंतीला परत झिरी मारावी लागू नये.

वायरच्या गुंडाळीवर आयएसआय चिन्ह, जाडी आणि ९० मीटर हे सगळं बघून घ्या. नकली गुंडाळीत वायर कमी भरते, तार बारीक असते, आणि कधीकधी अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ब्लेडने तार खरवडली की आतली पांढरी दिसते. मॉड्युलर बटणांवर हजारो रुपये घालून वायर स्वस्तातली आणणारे लोक मला कधी समजले नाहीत. बटण दहा मिनिटांत बदलता येतं.

धाब्याच्या जुन्या घरात लाकडी पट्टीवरची वायरिंग अजून आहे. सागाची तुळई, वर माती, मधे उंदीर. तिथे नुसतं डोळ्यांनी बघून काही कळत नाही. मेगर (वायरच्या आवरणाचा, म्हणजे इन्सुलेशनचा, रोध मोजणारं यंत्र) लावून तपासायला सांगा. ५०० व्होल्टच्या मेगरवर इन्सुलेशन एक मेगाओहमच्या खाली दाखवलं तर ती लाईन काढायचीच. माळवद न फोडता पीव्हीसी पट्टीतून बाहेरून नवी टाकता येते, आणि ती वाईट दिसत नाही.

दिवे अचानक लखलखले तर

भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक केंद्र आहे म्हणून त्या भागात घरोघरी व्होल्टेज चांगलं मिळेल असं नाही. तुमचं व्होल्टेज ठरतं गल्लीतल्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आणि तिथून येणाऱ्या तारांवर. संध्याकाळी व्होल्टेज पडणं हा त्रास आहे, पण न्यूट्रल सुटणं हा धोका आहे.

डीपीवरून तीन फेज निघतात आणि घरं त्यांच्यावर वाटलेली असतात. परतीचा न्यूट्रल सगळ्यांचा एकच. तो खांबावर सैल झाला की कमी भाराच्या घरात व्होल्टेज चढतं, अगदी ३०० च्या पलीकडे, आणि जास्त भाराच्या घरात उतरतं. ओळखायची खूण अशी: तुम्ही काही न करता दिवे लखलखतात, पंखा जोरात फिरतो, नाहीतर घरात तीन फेजची जोडणी असेल तर कूलर चालू केला की दुसऱ्या फेजवरच्या खोलीतला दिवा उजळतो. असं दिसलं की विचार करत बसू नका. मेन स्विच खाली करा, शेजाऱ्यांनाही सांगा, आणि १९१२ वर कळवा. स्टॅबिलायझर पुरेल या भरवशावर राहू नका. टीव्ही, फ्रिज आणि चार्जर गल्लीभर एकदम जळतात ते अशाच वेळी. जास्त-कमी व्होल्टेजला आपोआप लाईन तोडणारं यंत्र डीबीत बसवता येतं. ज्यांच्या भागात तारा जुन्या आहेत त्यांनी बसवावंच.

गच्चीवर सौर पॅनेल बसवणारे आता खूप झालेत. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. एक गैरसमज मात्र दूर करतो: बॅटरी नसलेली नेहमीची पद्धत असेल तर महावितरणची लाईट गेली की ऊन कितीही असो, तुमची सौर वीजही बंद होते. ती मुद्दाम तशी केलेली असते, कारण खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला तुमच्या गच्चीवरून झटका बसू नये. पॅनेलची अर्थिंग वेगळी करून घ्या.

दुकान, शीतगृह, जिनिंग

घराच्या मीटरवर दुकान चालवायची सवय खेड्यात फार. घरगुती लहानशा उद्योगासाठी दराचे काही वेगळे नियम आहेत, ते वीज कार्यालयात विचारून घ्या. पण सरळ घरगुती जोडणीवर मोठं दुकान चालत असेल तर विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, आणि कधीपासून चालू आहे हे सिद्ध झालं नाही तर ती मागच्या १२ महिन्यांची धरली जाते. खांबावरच्या तारेवर आकडा टाकणं वेगळं. ती चोरी, कलम १३५.

जळगावच्या एखाद्या संकुलात गाळा घेत असाल तर फरशी आणि शटर बघण्याआधी मीटरची खोली बघा. तिथे ओल आहे का, पॅनेलसमोर रद्दी रचली आहे का, तीन फेजवर भार सारखा वाटलाय का? क्लॅम्प मीटरने तिन्ही फेज आणि न्यूट्रल मोजून घ्यायला पाच मिनिटं लागतात. एलईडी दिवे आणि संगणक भरपूर असलेल्या दुकानात तिन्ही फेज सारखे असूनही न्यूट्रलमधून बराच करंट जातो. म्हणून न्यूट्रल फेजइतकाच जाड हवा. "न्यूट्रलला बारीक चालते" असं सांगणाऱ्याकडून काम घेऊ नका.

सावदा, फैजपूर, रावेर भागात केळी पिकवण्याची चेंबर्स झाली आहेत. तिथे थंडावा, भरपूर दमटपणा आणि सतत चालणारे कॉम्प्रेसर असं सगळं एकत्र असतं. आतले दिवे पाणी न शिरणारे, जोड शक्य तेवढे चेंबरच्या बाहेर, केबल आत जाते तिथे ती घट्ट धरणारा ग्लँड. लाईट गेली आणि खोली तापली तर माल गेला, त्यामुळे जनरेटर हवाच. आणि जनरेटर आला की चेंजओव्हर स्विच आला, म्हणजे बाहेरची लाईन तोडून जनरेटर जोडणारा. जनरेटरची वायर प्लगमध्ये खुपसून वीज घेणं म्हणजे बाहेरच्या खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवाशी खेळणं. चेंजओव्हर चार पोलचा घ्या, म्हणजे न्यूट्रलही तुटतो.

तीन फेजच्या मोटरांना एक फेज गेल्यावर मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर लागतो. जिनिंगमध्ये, डाळ मिलमध्ये मोटर जळाली की मालक मोटर बांधणाऱ्याला शिव्या देतो. बऱ्याचदा एक फेज गेलेला असतो आणि उरलेल्या दोनवर ती रखडत राहिलेली असते. जिनिंगमध्ये दुसरी गोष्ट कापसाच्या तुसाची. पॅनेलमध्ये ते साचतं, सैल जोड तापतो, ठिणगी पडते. हंगाम सुरू होण्याआधी लाईन बंद करून पॅनेल साफ करणं आणि प्रत्येक लग (वायरच्या टोकाचा जोड) कसून घेणं, एवढ्याने पुष्कळ आगी टळतात.

काम संपल्यावर हातात काय घ्यायचं? परवानाधारक ठेकेदाराचा सही-शिक्क्याचा टेस्ट रिपोर्ट, अर्थिंगचा मोजलेला आकडा तारखेसह, आणि डीबीच्या दारावर चिकटवलेली यादी: कोणती एमसीबी कोणत्या खोलीची. भिंतीवर प्लास्टर चढायच्या आधी मोबाइलवर प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढे खिळा ठोकताना वायर कुठून गेली ते कळेल. लिफ्ट असेल किंवा उच्चदाब जोडणी असेल तर विद्युत निरीक्षकाची परवानगी लागते. ती ठेकेदार घेणार की तुम्ही, हे काम ठरवतानाच कागदावर लिहून घ्या. शेवटचा हप्ता यातलं सगळं हातात आल्यावरच द्या.